जुन्या मोटरहोमच्या इंजिनाचे तापमान: डॅशबोर्डच्या काट्यावर न विसंबता नजर कशी ठेवावी

टाटा ४०७ किंवा टेम्पो ट्रॅव्हलरच्या चेसिसवर पूर्वी कधीतरी बांधलेले मोटरहोम विकत घेणाऱ्याला पलंग, ओटा, शौचालय आणि छतावरचा एसी कौतुकाने दाखवला जातो. रेडिएटरचे झाकण उघडून मात्र क्वचितच कोणी दाखवतो. वास्तविक ही वाहने अनुक्रमे १९८६ आणि १९८७ मध्ये बाजारात आली तेव्हा इंजिन आणि रेडिएटर यांची जोडी माल किंवा प्रवासी वाहण्याच्या हिशेबाने ठरवलेली होती, आणि तिच्यावर नंतर कोणीतरी प्लायवूडची कपाटे, शंभर लिटरची पाण्याची टाकी, जादा बॅटऱ्या आणि पुढच्या जाळीत एसीचा कंडेन्सर चढवला. वजन वाढले, समोरून येणारी हवा अडली, रेडिएटर मात्र तेवढाच राहिला. त्यात मुंबईचा मे महिना, शीव-पनवेल मार्गावरची रखडलेली रांग आणि गाडी आधीच तापलेली असताना समोर उभा राहणारा बोरघाट. कर्जतला रेल्वेच्या गाड्यांनासुद्धा मागून बँकर इंजिने लावावी लागतात. आपल्या गाडीला ती सोय नाही.

या लेखात इंजिनातील पाण्याचे, म्हणजे कूलंटचे, तापमान प्रत्यक्ष आकड्यांत कसे मोजावे, त्या आकड्यांचा अर्थ कसा लावावा आणि ते चढू लागले तर काय करावे, हे नवख्या मालकासाठी क्रमाने सांगितले आहे. पान्यांचा साधा संच, एक मल्टिमीटर आणि दोन रविवार एवढ्या भांडवलावर हे काम होते. फक्त आटे पाडण्याचे काम लेथवाल्याकडून करून घ्यावे. सर्व तापमाने अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

काटा काय सांगतो

जुन्या मीटरवर एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच आणि मध्ये दोन-तीन रेघा असतात. सेंडर नावाचा पितळी भाग इंजिनातील पाण्यात बुडालेला असतो. पाणी तापेल तसा त्याचा विद्युतरोध कमी होतो, मीटरमधून अधिक प्रवाह जातो आणि काटा एचकडे सरकतो. त्यामुळे प्रवाहात ज्या ज्या कारणाने फरक पडेल, त्या प्रत्येक कारणाने काटा हलतो, मग तापमान तेच का असेना. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन गरम असताना गाडी उभी करावी, काटा स्थिर होऊ द्यावा आणि मग हेडलाइट, ब्लोअर व वायपर एकदम चालू करावेत. काटा ताडकन हलला, तर अर्थिंगमध्ये किंवा मीटरला वीज पुरवणाऱ्या व्होल्टेज स्टॅबिलायझरमध्ये दोष आहे, असे समजावे. मुंबईच्या खाऱ्या हवेत इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी आतून हिरवी पडते आणि वरून धडधाकट दिसते. मोटरहोममध्ये तर नंतर ओढलेल्या तारांचे इतके जंजाळ असते की अर्थिंगच्या एकेका बोल्टवर चार-चार लग (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कड्या) चढवलेले सापडतात.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे आणि ती मी स्वतः भोगली आहे. काही वर्षांपूर्वी खोपोलीच्या पुढे चढ चढत असताना माझ्या गाडीचा काटा नेहमीच्या जागेपेक्षा हळूहळू खाली आला. शेजारी बसलेल्या पत्नीला मी समाधानाने सांगितले, की या वेळी गाडीने घाट चांगला घेतला. दोन वळणे गेली आणि आमच्या दोघांच्या मध्ये असलेल्या इंजिन बॉक्सच्या फटीतून वाफ आणि कूलंटचा तो ओळखीचा गोडसर वास येऊ लागला. खालच्या होज पाइपची क्लिप सैल होऊन पाणी रस्त्यावर सांडत आले होते. पाण्याची पातळी उतरल्यामुळे सेंडर उघडा पडला होता, आणि भोवती पाणी नसल्यामुळे तो बिचारा इमानाने कमी तापमान दाखवत होता. पाण्यात बुडालेला सेंडर पाणी असेपर्यंतच खरे बोलतो. म्हणून तापमानाबरोबर पातळीवरही स्वतंत्र पहारा हवा. त्याविषयी पुढे येईलच.

आधी थोडे आकडे

थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली झडप होय. गॅरेजमध्ये तिला नुसते ‘वॉल’ही म्हणतात. तिच्या अंगावर ती उघडू लागण्याचे तापमान कोरलेले असते, बहुतेक वेळा ८२ किंवा ८८, आणि तेथून साधारण दहा-बारा अंश वर गेल्यावर ती पूर्ण उघडते. याचा अर्थ ८२ ची झडप असलेल्या गाडीत ८४ ते ९५ या दरम्यान आकडा खालीवर होणे हे दुखणे नव्हे. झडप आपले काम करत आहे, एवढेच त्यावरून कळते.

साधे पाणी मुंबईत, समुद्रसपाटीवर, १०० अंशांना उकळते आणि सुमारे ६२० मीटर उंचीवरच्या लोणावळ्यात ९८ च्या आसपास. परंतु रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते. झाकणावर ०.९ असा आकडा असेल तर ते ०.९ बार दाबापर्यंत घट्ट राहते, आणि त्या दाबाखाली साधे पाणीही ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधले मुख्य रसायन) यांचे मिश्रण दाब नसतानाही १०७ च्या पुढे उकळते, मग झाकणाखाली तर आणखी वर. घाटात १०१ आकडा पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही, ते यामुळे. मात्र झाकणाचे रबर कडक झाले असेल किंवा स्प्रिंग थकली असेल, तर ही सगळी सवलत रद्द होते आणि पाणी १०० ला उकळून बाहेर पडते. जुनी गाडी हाती आल्यावर सगळ्यात आधी झाकण बदलावे, तेही त्याच आकड्याचे. जास्त दाबाचे झाकण लावले म्हणजे गाडी कमी तापेल, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. जुन्या होज पाइपांना आणि रेडिएटरच्या सोल्डर केलेल्या जोडांना तो दाब सोसत नाही.

ढोबळमानाने असे धरावे: सपाट रस्त्यावर ८० ते ९५ हे नेहमीचे, घाटात १०० किंवा थोडे वर चालण्यासारखे, १०५ च्या आधी वेग आणि भार कमी करण्याची वेळ, आणि ११० च्या आधी थांबण्याची. इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळे आकडे दिले असतील तर तेच प्रमाण मानावेत.

उलट टोकाकडेही लक्ष असावे. अर्धा तास चालवूनही आकडा ७० च्या वर जात नसेल, तर बहुधा थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे किंवा कोणीतरी तो काढून टाकला आहे. दुसरी शक्यता मुंबईत फार मोठी आहे. गाडी गरम होते म्हणून मी एका गॅरेजमध्ये गेलो, तर मला न विचारता वॉल काढून ठेवण्यात आला, आणि ‘आता निश्चिंत राहा’ असे वर सांगण्यात आले. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते, झीज वाढते आणि मायलेज घटते. शिवाय काही इंजिनांमध्ये थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढून टाकला की पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतो आणि गाडी घाटात पूर्वीपेक्षा जास्त तापते. माझ्या गाडीचे तेच झाले. नवा वॉल बसवणे हे या कामातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळले जाणारे काम आहे.

मीटर कोणता घ्यावा

भारतात ओबीडीची, म्हणजे गाडीतले दोष गाडीनेच ओळखण्याच्या यंत्रणेची, सक्ती २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. त्यापूर्वीच्या गाड्यांत मोबाइलला जोडून तापमान पाहण्याचे ते छोटे उपकरण लावायला सॉकेटच नसते, त्यामुळे वेगळा मीटर आणि वेगळा सेन्सर हाच मार्ग उरतो. आकडा दाखवणारा डिजिटल मीटर घ्यावा, कारण ९२ आणि ९९ मधला फरक काट्यावर दिसत नाही. मीटर आणि सेन्सर एकाच संचातले असावेत. विद्युतरोध आणि तापमान यांचे गणित प्रत्येक बनावटीत निराळे असते. एकाचा सेन्सर आणि दुसऱ्याचा मीटर जोडला तर आकडा दिसतो, पण तो खोटा असतो. गाडी १२ व्होल्टची आहे की २४, हेही खरेदीपूर्वी पाहावे, कारण बसच्या चेसिसवर बांधलेली मोठी मोटरहोम बहुधा २४ व्होल्टची असतात. मीटर, फ्यूज, तारा आणि मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडवर मिळतात. होज पाइप, क्लिपा आणि जोडनळी (तिच्याविषयी पुढे) कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधावी. जाताना जुना पाइप सोबत न्यावा, नुसते गाडीचे नाव सांगून आणलेला पाइप बसेलच असे नाही.

सेन्सर कुठे बसवावा

संपूर्ण कामातला हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून येथे घाई करू नये.

उत्तम जागा म्हणजे सिलिंडर हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, किंवा थर्मोस्टॅटच्या डब्यात, पण झडपेच्या इंजिनाकडील बाजूला. इंजिनातील सर्वांत गरम पाणी तेथे असते आणि झडप उघडी असो वा बंद, सेन्सरला खरे तापमान कळते. अनेक इंजिनांवर तेथे एखादे प्लग लावून बंद केलेले छिद्र असते. इंजिन थंड असताना, थोडे पाणी काढून घेऊन, तो प्लग सोडवावा आणि त्याचे आटे मोजून घ्यावेत. सेन्सरचे आटे वेगळे असतील तर लेथवाला पितळी बुश करून देतो. कंपनीचा मूळ सेंडर काढून त्याच्या जागी नवा बसवण्याचा मोह टाळावा. जुना काटा राहू द्यावा, दोन साक्षीदार असलेले बरे.

असे छिद्र नसेल तर वरच्या होज पाइपात बसणारी जोडनळी वापरतात. ही पितळेची किंवा ॲल्युमिनियमची बोटभर लांबीची नळी असून तिच्या पोटात सेन्सरसाठी आटे असतात; पाइप मधोमध कापून ती दोन क्लिपांनी बसवायची. बसवणे सोपे आहे, पण ही जागा थर्मोस्टॅटच्या पलीकडे येते. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन उकळत असताना वरचा पाइप कोमटच राहील आणि मीटर ५० दाखवेल. शिवाय नळी दोन्ही बाजूंनी रबरात असल्यामुळे तिला अर्थिंग मिळत नाही. एका तारेच्या सेन्सरला ते आवश्यक असते, म्हणून नळीला लहान स्क्रूने वेगळी तार जोडून ती इंजिन ब्लॉकवर न्यावी. ही तार जोडण्याचे राहून गेले की मीटर एकतर गप्प बसतो किंवा मनाला येईल तो आकडा दाखवतो, आणि माणूस सेन्सर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडायला जातो.

आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढेच्या वेढे गुंडाळण्याची सवयही येथे नडते. एका तारेचा सेन्सर आट्यांतूनच अर्थिंग घेतो. टेप जाड झाली की तो संपर्क तुटतो. एखाद-दुसरा वेढा पुरतो, आणि पहिले दोन आटे मोकळे सोडावेत.

पातळीवरच्या पहाऱ्यासाठी दोन उपाय आहेत. रेडिएटरच्या वरच्या टाकीत पाणी कमी झाले की दिवा लावणारा पातळीचा सेन्सर बसवता येतो. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे: सिलिंडर हेडवरच्या एखाद्या लहान, रिकाम्या बोल्टखाली कड्याच्या आकाराचा के टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान-सेन्सर) अडकवायचा आणि त्याचा छोटा मीटर शेजारी लावायचा. हा धातूचे तापमान मोजतो, त्यामुळे पाणी निघून गेले तरी तो फसत नाही. उलट पाण्याचा आकडा खाली आणि धातूचा आकडा वर, असे दृश्य दिसले की पाणी गेले हे क्षणात कळते. हेड ज्यांनी ब्लॉकला आवळलेले असते त्या मुख्य बोल्टांना मात्र यासाठी हात लावू नये. त्यांचा ताण बिघडला तर हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केटच उडते.

तारा ओढणे

बॅटरीची ऋण बाजू सोडवून कामाला लागावे. मीटरला वीज चावी चालू केल्यावरच मिळेल अशा तारेवरून, दोन किंवा तीन अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून द्यावी. सेन्सरची तार एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांपासून) दूर ठेवावी आणि जाळीदार नळीतून न्यावी. नुसत्या पिळलेल्या तारांवर चिकटपट्टी गुंडाळणे पावसाळ्यात टिकत नाही. लग दाबून बसवावेत आणि वर थोडे व्हॅसलीन लावावे.

सगळे जोडून झाल्यावर इंजिन चालू करावे, हेडलाइट लावावेत आणि मल्टिमीटरची एक सळई इंजिन ब्लॉकवर व दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर धरावी. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मीटर स्टिअरिंगच्या वर, रस्त्यावरून नजर न हटवता दिसेल असा लावावा. सुंदर दिसतो म्हणून तो गुडघ्याजवळ लावलेली मोटरहोम मी पाहिली आहेत.

शेगडीवर पडताळणी

सेन्सर इंजिनात बसवण्याआधी त्याची घरी परीक्षा घ्यावी. मुंबईकरांना येथे एक फुकटचा फायदा आहे: समुद्रसपाटीवर उकळते पाणी म्हणजे १०० अंश, वेगळे प्रमाण शोधावे लागत नाही. एका भांड्यात पाणी उकळत ठेवावे, सेन्सरचे टोक तळाला न टेकता दोरीने पाण्यात लोंबकळेल असे करावे, मीटर १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडावा आणि सेन्सरच्या धातूच्या अंगाला अर्थिंगची तार चिमट्याने लावावी. पाणी खळाळू लागल्यावर मीटरने ९८ ते १०२ च्या दरम्यान आकडा दाखवला तर काम भागते. ९४ दाखवला, तर सेन्सर बदलून घ्यावा. ते शक्य नसेल तर ‘सहा अंश कमी दाखवतो’ अशी चिठ्ठी मीटरखाली चिकटवावी.

त्याच पाण्यात थर्मोस्टॅटही दोरीला बांधून सोडावा. स्वयंपाकाचा थर्मामीटर शेजारी धरला की ८२ च्या आसपास झडप हळूच तोंड उघडताना डोळ्यांनी दिसते, आणि पाणी निवताना ती पुन्हा मिटते. मिटली नाही तर ती टाकून द्यावी. या कामासाठी घरातले एखादे पोचे आलेले पातेले कायमचे मागून घ्यावे आणि ते पुन्हा ओट्यावर जाऊ देऊ नये, कारण वापरलेल्या भागांवर इथिलीन ग्लायकॉल असते व ते विषारी आहे. सांडलेले कूलंटही उघड्यावर राहू देऊ नये. त्याच्या गोड चवीला भुलून सोसायटीतली कुत्री-मांजरे ते चाटतात.

इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे बंदुकीसारखा रोखून तापमान वाचायचे उपकरण, जवळ असेल तर तेही वापरावे, परंतु चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखले की ते बरेच कमी तापमान दाखवते. थर्मोस्टॅटच्या डब्यावर रुपयाएवढा ठिपका काळ्या, मळकट रंगाने रंगवावा आणि नेहमी त्यावरच रोखावे. रेडिएटरवर ते वरून खाली फिरवले तर आणखी एक गोष्ट कळते: ज्या रेडिएटरमध्ये पाणी वरून खाली वाहते, त्यात तापमान वरून खाली सलग उतरले पाहिजे. मधेच एखादा थंड पट्टा लागला, तर त्या भागातल्या नळ्या गाळाने बुजल्या आहेत. बोअरिंगचे किंवा टँकरचे पाणी वर्षानुवर्षे भरलेल्या गाड्यांत हे हमखास आढळते. रेडिएटरमध्ये घालायला पेट्रोल पंपावर मिळणारे बॅटरीचे (डिस्टिल्ड) पाणी वापरावे, किंवा तयार मिसळलेले कूलंट घ्यावे.

पहिला महिना वहीचा

मीटर लागला म्हणून काम संपत नाही. ९७ हा आकडा तुमच्या गाडीसाठी बरा की वाईट, हे तुमच्या गाडीच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्याखेरीज कोणीच सांगू शकत नाही. त्याच बनावटीच्या शेजारच्या गाडीचा आकडा येथे उपयोगाचा नाही. म्हणून एक लहान वही मीटरजवळ ठेवावी आणि सोबत बसणाऱ्याला तिचे काम द्यावे. चालवणाऱ्याने लिहू नये.

नोंदीत जागा, वेळ, बाहेरचे तापमान, गिअर, वेग, एसी चालू की बंद, आणि पाण्याचा आकडा एवढे असावे. पहिली फेरी पहाटे पूर्व द्रुतगती महामार्गावर शीव ते ठाणे अशी करावी, कारण त्या वेळी एकसारखा वेग राखता येतो. आकडा ८२ ला पोचायला किती मिनिटे लागली आणि मग तो कुठे स्थिरावला, हे लिहावे. दुसरी फेरी मुद्दाम संध्याकाळी घोडबंदर रस्त्यावर, एसी लावून, रांगेत करावी. रांगेत उभ्या गाडीचे तापमान हा पंख्याच्या तब्येतीचा दाखला असतो: वेगात ८८ असणारी गाडी उभी राहिल्यावर १०२ कडे सरकत असेल, आणि पुन्हा चालू लागताच खाली येत असेल, तर पंख्याचा बेल्ट, फॅन क्लच किंवा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये अडकलेला कचरा तपासावा. याउलट उभी असताना शांत आणि वेगात किंवा चढावर तापणारी गाडी बहुधा बुजलेल्या रेडिएटरकडे किंवा दमलेल्या वॉटर पंपाकडे बोट दाखवते. माझ्या अनुभवात या एका फरकाने अर्धे निदान होते, आणि मेकॅनिकपुढे वही ठेवली की तो अंदाजाने भाग बदलण्याआधी दोनदा विचार करतो.

तिसरी फेरी घाटाची. कसारा घाट किंवा बोरघाट यांपैकी एक निवडावा आणि दर वेळी तोच ठेवावा, म्हणजे नोंदींची तुलना करता येते. घाट सुरू होण्यापूर्वीचा आकडा, माथ्यावरचा सर्वांत मोठा आकडा, आणि माथ्यानंतर किती मिनिटांत तो पुन्हा ९० ला आला, हे तीन लिहावेत. यांतला तिसरा आकडा मी सर्वांत जपतो. पाणी कमी झाले किंवा रेडिएटर बुजू लागला की माथ्यावरचा आकडा वाढण्याआधी हा उतरण्याचा वेळ लांबत जातो. माझ्या वहीत इगतपुरीच्या पुढे चार मिनिटांचे सहा, सहाचे नऊ असे झाले होते. रेडिएटर उघडला तेव्हा खालच्या नळ्या निम्म्या बुजलेल्या निघाल्या.

याच काळात जुन्या काट्याच्या काचेवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या बारीक खुणा कराव्यात: डिजिटल मीटर ८५ असताना काटा कुठे, ९५ असताना कुठे. कधी डिजिटल मीटर बंद पडला तर या खुणांवर घरी येता येते.

बझर

गप्पांत किंवा घाटातल्या ट्रकांच्या गर्दीत मीटरकडे पाहायचे राहून जाते, म्हणून बझर हवा. तो वहीतल्या नेहमीच्या सर्वोच्च आकड्यापेक्षा पाच-सहा अंश वर लावावा. तुमची गाडी घाटात ९८ ला जात असेल तर १०४ ठीक. थेट ११० वर लावलेला बझर नुकसान झाल्याची वर्दी देतो, आणि ९५ वर लावलेला इतक्यांदा वाजतो की आठवड्याभरात कोणीतरी त्याची तार काढते. मीटरला दुसरा बझर असल्यास तो ‘६० च्या खाली’ असा लावून ठेवावा. चालत्या गाडीत आकडा अचानक कोसळणे म्हणजे सेन्सरखालचे पाणी गेले असण्याची शक्यता, हे खोपोलीने मला शिकवले आहे.

आकडा चढू लागला तर

१०२-१०३ च्या सुमारास एसी बंद करावा, खालच्या गिअरवर यावे आणि ॲक्सिलरेटर हलका ठेवावा. वरच्या गिअरमध्ये कण्हत चढणाऱ्या इंजिनावर भार जास्त पडतो आणि पंप व पंखा सावकाश फिरतात; खालच्या गिअरमध्ये आवाज वाढतो, पण पाणी आणि हवा दोन्ही वेगाने वाहतात. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण उघडावा. मे महिन्यात हीटर लावणे ही शिक्षा वाटते खरी, पण तो इंजिनाच्या पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटरच असतो.

तरीही चढत राहिला तर ११० होण्याची वाट न पाहता सुरक्षित जागा पाहून थांबावे. घाटात वळणावर किंवा रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात निष्काळजीपणे थांबणे हे तापलेल्या इंजिनापेक्षा धोक्याचे आहे. शक्य तोवर रुंद जागेपर्यंत सावकाश न्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, मागे अंतरावर त्रिकोण ठेवावा आणि गाडीतील सर्वांना रस्त्यापासून दूर बसवावे.

थांबल्यावर इंजिन बंद करायचे की चालू ठेवायचे, याचे उत्तर पाण्यावर अवलंबून आहे. वाफ नाही, गळती नाही, बेल्ट फिरतो आहे, तर आयडलपेक्षा थोड्या जास्त फेऱ्यांवर इंजिन दोन-तीन मिनिटे चालू ठेवावे. एकदम बंद केले की पाणी फिरायचे थांबते आणि हेडमधली उष्णता तेथेच कोंडून आकडा आणखी चढतो. वाफ दिसली, खाली पाण्याची धार लागली, बेल्ट तुटला किंवा आकडा अचानक कोसळला असेल, तर मात्र तत्काळ बंद करावे.

यानंतर झाकणाला हात लावू नये. वरचा होज पाइप जाड फडक्याने दाबून पाहावा. तो टणक लागतो तोवर आत दाब आहे. बहुधा पाऊण तास लागतो, आणि मोटरहोममध्ये मागे चहाची सोय असल्यामुळे तो पाऊण तास इतर गाडीवाल्यांपेक्षा आपल्याला बरा जातो. पाइप मऊ पडला आणि आकडा ५० च्या खाली आला की झाकणावर फडके टाकून ते पहिल्या टप्प्यापर्यंत सैल करावे, उरलेली हवा जाऊ द्यावी आणि मग उघडावे. तापलेल्या इंजिनात किंवा त्याच्यावर गार पाणी ओतणाऱ्या मदतनीसांना हात जोडून थांबवावे. हेडला तडा जातो तो अशा वेळी.

पाणी भरताना इंजिन चालू करून, थोडे थोडे, धारेने घालावे आणि आतली हवा निघू द्यावी. या वेळी रेडिएटरच्या तोंडाशी नजर ठेवावी. सुरुवातीचे काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात आणि ते थांबतात; ॲक्सिलरेटर दाबताच पुन्हा पुन्हा वर येणारे बुडबुडे हेड गॅस्केटमधून येणाऱ्या वायूचे असतात. मग ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल चहात दूध घातल्यासारखे दिसले, तर इंजिन बंद करून टोइंगवाल्याला बोलवावे, आणि वहीत त्या दिवसाच्या ओळीत शेवटचा आकडा, जागा आणि वेळ लिहून ठेवावी; गॅरेजमध्ये पहिला प्रश्न तोच विचारला जाईल.